ज्येष्ठांचे ‘नको’ आणि आपले विचारणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात भुवनेश्वर येथे दिलेले भाषण)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान कार्यकारिणीने मला दिला, याबद्दल प्रथम ऋण व्यक्त करतो. माझ्या आधीच्या वक्त्यांनी ज्ञानेश्वरी, नाट्यसंगीत आणि मराठ्यांचा ओडिशाशी आलेला संबंध अशा विषयांवर आपणांस तृप्त केले आहे. त्या पंक्तीत ‘फ्लूची लस’ हा विषय म्हणजे पुरणपोळीच्या ताटात काढ्याची वाटी ठेवण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. शिवाय मी वैद्य नव्हे. मी कलाशाखेचा साधा पदवीधर. माझी तीस वर्षे केंद्र सरकारच्या लेखापरीक्षा विभागात, दुसऱ्यांच्या हिशेबांवर आक्षेप काढण्यात गेली. तथापि या नोकरीने मला एक गोष्ट शिकविली. आक्षेपाच्या उत्तरात लिहिलेले कारण आणि खरे कारण ही पुष्कळदा दोन निराळी असतात; आणि खरे कारण हवे असेल तर फाईल बाजूला ठेवून माणसाजवळ जाऊन बसावे लागते.

ही शिकवण मी कचेरीत पाळली. घरात पाळली नाही. आजच्या विषयाचा उगम तेथेच आहे.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, वाई तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. आईच्या पश्चात ते आमच्याकडे येथे राहावयास आले. २०१७ च्या उन्हाळ्यात आमच्या डॉक्टरांनी बोलता बोलता मला सुचविले की, वडिलांचे वय एकोणऐंशी आहे, मधुमेह आहे, तेव्हा पावसाळ्यापूर्वी फ्लूची लस द्यावी. त्या संध्याकाळी पायांतील बूट काढता काढता मी अण्णांना विचारले, “अण्णा, फ्लूची लस घ्यायची का तुम्हाला?” ते वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाले, “मला काय धाड भरली आहे? या वयात कशाला असले चोचले?” मी ‘बरे’ म्हटले आणि चहाला बसलो. आक्षेप नोंदला गेला, उत्तर मिळाले, प्रकरण निकालात निघाले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना फ्लूने गाठले. अकरा दिवस रुग्णालयात होते. तेथून ते परत आले, पण गेले होते ते अण्णा परत आले नाहीत. रोज पहाटे तीन मैल चालणारा मनुष्य न्हाणीघरापर्यंत जाण्यास भिंतीचा आधार घेऊ लागला. लस दिली असती तर हे खचित टळले असते, असे मी म्हणणार नाही. तसे कोणीच म्हणू शकत नाही. पण दसऱ्याच्या सुमारास एकदा मीच विषय काढला आणि म्हणालो, “अण्णा, मी तेव्हा विचारले होते तुम्हाला.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “विचारलंस खरं. पण ‘घ्या’ असं कुठं म्हणालास?”

बंधू-भगिनींनो, २०१९ साली अण्णा गेले. ते वाक्य माझ्यापाशी राहिले. त्यानंतर मी आपल्या मंडळातील ज्येष्ठांपाशी बसून, कोणी लस घेतात, कोणी घेत नाहीत, ते का, हे समजून घेण्याचा प्रयत्न केला. जे ऐकले आणि त्या अनुषंगाने जे वाचले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

आधी या रोगाविषयी दोन शब्द. ‘फ्लू’ हा शब्द इतका लहान आणि चटपटीत आहे की, त्याचे भय वाटत नाही. पण आपल्या आजी-पणजींच्या तोंडी याच रोगाचे नाव ‘मानमोडी’ असे होते. १९१८ च्या जूनमध्ये ही साथ मुंबई बंदरात उतरली. पावसाळा सरताना तिची दुसरी लाट आली, आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे मृत्यू पावली. हिंदुस्थानात एकंदर किती गेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. त्या विषाणूचा वंश पुढे सौम्य झाला, पण नाहीसा झाला नाही. २००९ साली त्याच कुळातील नव्या विषाणूने ‘स्वाइन फ्लू’ या नावाने पुण्यात हाहाकार उडविला, हे आपणांपैकी अनेकांनी फोनवर नातेवाइकांकडून ऐकले असेल. २०१५ साली देशात त्याचे बेचाळीस हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील २,९९० दगावले. ही केवळ तपासणी झालेल्यांची संख्या होय.

म्हातारपणी हा रोग केवळ सर्दी-पडशापुरता राहत नाही. तो फुप्फुसांत उतरतो, मधुमेह बिघडवितो, हृदयावर ताण आणतो. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले की, फ्लूचे निश्चित निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे सहा पट असते. पुष्कळ घरांत मृत्यूचे कारण ‘हार्ट’ असे सांगितले जाते. त्याच्या आधीच्या आठवड्यातला ताप कोणाच्या लक्षातही राहत नाही.

आता आपण आक्षेपांकडे वळू. मी ते लेखापरीक्षेच्या रिवाजाप्रमाणे क्रमाने घेतो.

पहिला आक्षेप: “मला कधी फ्लू होत नाही. झालाच तर औषध घेऊन सात दिवसांत बरा होतो, आणि न घेता एका आठवड्यात.” या विनोदात जन्मभराच्या अनुभवाचे बळ आहे, म्हणून तो हसून सोडून देता येत नाही. पण तो अनुभव चाळिशीतल्या शरीराचा आहे. खात्यात पूर्वी शिल्लक होती म्हणून आजचा धनादेश वटेलच असे नाही.

दुसरा आक्षेप: “मागे घेतली, आणि लसीनेच ताप आला.” सामान्यतः दिल्या जाणाऱ्या फ्लूच्या लसीतला विषाणू मारलेला असतो, त्यापासून फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखणे, एखादा दिवस कणकण येणे हे मात्र होते. हॉलंडमध्ये १९९१-९२ च्या हिवाळ्यात साठ वर्षांवरील १,८३८ व्यक्तींवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना लस दिली, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी टोचले, आणि कोणाला काय मिळाले हे कोणासच सांगितले नाही. दंड दुखल्याच्या तक्रारी लसवाल्यांत स्पष्टपणे अधिक होत्या. परंतु ताप, अंगदुखी, अस्वस्थता यांच्या तक्रारी दोन्ही गटांत जवळजवळ सारख्याच निघाल्या. म्हणजे मिठाच्या पाण्यानेही तितक्याच माणसांना बरे वाटेनासे झाले! आणि त्या हंगामात लस घेतलेल्यांमध्ये फ्लूचे प्रमाण सुमारे निम्मे राहिले.

येथेच तिसरा आक्षेप उभा राहतो: “निम्मेच ना? आमच्या शेजाऱ्यांनी लस घेतली, तरी त्यांना फ्लू झाला.” हे खरे आहे, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. ही लस अभेद्य कवच नव्हे. चांगल्या वर्षी ती चाळीस ते साठ टक्के संरक्षण देते. विषाणूने ऐन वेळी रूप पालटले तर त्याहूनही कमी. आणि वृद्ध शरीरात तिचा प्रभाव तरुणांपेक्षा उणाच पडतो. कोकणातला शेतकरी इरले घेऊन लावणीला जातो. त्याचे पाय भिजतातच, पण पाठ कोरडी राहते. पाय भिजतात म्हणून तो इरले टाकून देत नाही. लसीनंतर फ्लू झालाच, तरी तो रुग्णालयापर्यंत नेण्याचा संभव घटतो, हा लाभ लहान नाही.

चौथा आक्षेप: “देवीची लस एकदा घेतली, पुरली. ही दरवर्षी कशाला?” देवीचा विषाणू आपले रूप बदलत नसे, म्हणूनच १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर होऊ शकला. फ्लूचा विषाणू बहुरूप्यासारखा आहे. त्याच्या नव्या सोंगांचा अदमास घेऊन जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा लसीचे घटक ठरवितात. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. मौज अशी की, एखादे सोंग कायमचेही नाहीसे होते. ‘बी’ प्रकारातील यामागाता नावाची शाखा मार्च २०२० नंतर जगात कोठे खात्रीने आढळली नाही, आणि म्हणून तिला लसीतून वगळण्याची शिफारस झाली.

पाचवा आक्षेप अगदी ताजा आहे: “कोविडच्या इतक्या सुया झाल्या, आता पुरे.” १ मार्च २०२१ पासून साठीवरील सर्वांना ती लस खुली झाली, तेव्हा आपले ज्येष्ठ पहाटेपासून रांगेत उभे होते. तीच माणसे आज कंटाळली आहेत, साशंक आहेत. या शंकेला ‘अडाणीपणा’ म्हणणे हा उर्मटपणा होईल. लसीच्या इतिहासात चुका झालेल्या आहेत. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या भीतीने सुमारे साडेचार कोटी लोकांना घाईने लस टोचली गेली. साथ आलीच नाही, उलट दर लाखामागे सुमारे एकास मज्जातंतूंचा विकार जडला, आणि मोहीम थांबवावी लागली. पुढील लसींत हा धोका दहा लाखांत एक-दोन किंवा त्याहूनही कमी असल्याचे दिसले आहे. जो हा आकडा दडवितो त्याच्यावर विश्वास बसत नाही. जो तो आपण होऊन सांगतो त्याच्यावर बसतो.

सहावा आक्षेप मला एका वयोवृद्ध वहिनींनी हळूच सांगितला: “अंड्यात करतात म्हणे ती.” खरे आहे. बहुतेक लसींसाठी विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवितात, मग तो मारून शुद्ध करतात. ज्यांनी जन्मभर अंड्याला स्पर्श केला नाही त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न विवेकाचा आहे. त्यांना खरी माहिती द्यावी आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा, एवढाच आपला अधिकार.

आतापर्यंतचे सहाही आक्षेप बोलून दाखविलेले आहेत. माझ्या मते ज्येष्ठांच्या नकाराचे खरे मूळ न बोललेल्या आक्षेपांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका तज्ज्ञगटाने २०१४ साली लस न घेण्याची कारणे तीन शब्दांत मांडली: विश्वासाचा अभाव, रोगाविषयीची बेफिकिरी आणि सोयीचा अभाव. हे तिन्ही आपल्याकडे आहेतच. पण आपल्या घरांत आणखी काही आहे.

एक म्हणजे, लस ही लहान मुलांची वस्तू, अशी आपली दृढ समजूत आहे. त्यात ज्येष्ठांचा दोष नाही. १९७८ साली देशात विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, १९८५ साली सार्वत्रिक कार्यक्रम आला, पुढे पोलिओचे थेंब आले; सर्व बालकांसाठी आणि गर्भवती मातांसाठी. आजोबांचे काम नातवाला केंद्रावर घेऊन जाण्याचे. माझ्या अण्णांनी देवी काढणारे आले की वर्गातील मुले ओळीने उभी केली होती. भ्यालेल्या पोरांचे हात स्वतः धरले होते. लसीवर त्यांचा विश्वास नव्हता असे कोण म्हणेल? पण त्या ओळीत आपणही उभे राहावयाचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. फ्लूची लस आजही सरकारच्या सार्वत्रिक कार्यक्रमात नाही. ती बहुधा पदरमोड करूनच घ्यावी लागते. २०१७-१८ साली देशभर वृद्धत्वाविषयी जी मोठी पाहणी झाली, तीत पंचेचाळीस वर्षांवरील लोकांपैकी शंभरात दोघांनीसुद्धा ही लस कधी घेतलेली नव्हती.

दुसरे, पैसा. हजार-दीड हजार रुपये, कोठे त्याहून अधिक, आणि तेही दरवर्षी. मुलाने आपल्यावर एवढा खर्च करावा, असे सांगण्यास म्हाताऱ्याची जीभ रेटत नाही. मग तो म्हणतो, “मला नको.” हे ‘नको’ लसीला नसते, मुलाच्या खिशाला जपणारे असते.

तिसरे, भाषा. आपण घरापासून दूर आहोत. येथील डॉक्टर सज्जन आहेत, विद्वान आहेत. पण ‘कणकण आहे’, ‘कसर आहे’, ‘अंग मोडून आले आहे’, ‘छातीत घरघरते आहे’ या चार वाक्यांतला भेद हिंदीत कसा सांगावा? अण्णांचे हिंदी शाळेतल्या परिपत्रकांपुरते. डॉक्टर काही विचारीत, मी उत्तर देई; डॉक्टर मला सांगत, मी अण्णांना त्याचा चार शब्दांत गोषवारा देई. स्वतःच्या शरीराविषयीच्या संभाषणात ते त्रयस्थ होते. वाईला असते तर त्यांचे जुने डॉक्टर म्हणाले असते, “गुरुजी, बाही वर करा पाहू,” आणि अण्णांनी ती मुकाट्याने वर केली असती. वृद्ध मनुष्य लस कशामुळे घेतो, याचा जेथे जेथे शोध घेतला गेला, तेथे हेच आढळते की, विश्वासातल्या डॉक्टरने स्पष्टपणे ‘घ्या’ असे म्हणणे, यासारखे प्रभावी कारण दुसरे नाही.

आणि चौथे, सर्वांत खोल: “आता माझे काय उरले आहे?” हे वाक्य विरक्तीचे वाटते, आपण त्याला मान डोलावतो. पण पुष्कळदा तो प्रश्न असतो. आपल्या असण्याची या घराला गरज आहे का, हे त्या मनुष्यास ऐकावयाचे असते.

जे घेतात ते का घेतात? नातवंड जन्माला येणार असते. लहान बाळाजवळ ताप नको, म्हणून आजी आधी दंड पुढे करते. कोणी सोबत्याला रुग्णालयात पाहिलेले असते. आणि येथे नाही म्हणणारेच काही, मुलाकडे अमेरिकेत गेल्यावर निमूटपणे लस घेऊन येतात. तेथे पासष्ट वर्षांवरील दर तिघांपैकी सुमारे दोघे दरवर्षी घेतात; औषधाच्या दुकानातसुद्धा ती टोचतात. इंग्लंडमध्ये पासष्टी गाठलेल्यास ती विनामूल्य मिळते आणि हंगामापूर्वी तसे बोलावणे येते. बोलावणे! आपल्या संस्कृतीत वडीलधारी मंडळी बोलावल्यावाचून कोठे जात नाहीत. घरच्या कार्यालासुद्धा त्यांना अक्षत द्यावी लागते. लसीला मात्र त्यांनी आपण होऊन यावे, अशी आपली अपेक्षा!

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. परदेशातील मुले फोनवर म्हणतात, “बाबा, ऑक्टोबर आला, लस घ्या.” तो त्यांच्या हिवाळ्याचा हिशेब. भारताचे गणित वेगळे आहे. श्रीनगरला फ्लूचा जोर हिवाळ्यात असतो. देशाच्या बऱ्याच मोठ्या भागात, महाराष्ट्रात आणि येथेही, तो पावसाळ्यात असतो. लस अंगी लागण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून आपल्यासाठी योग्य काळ एप्रिल-मे, म्हणजे रथयात्रेच्या आधीचा. जे ज्येष्ठ उन्हाळ्यात गावी जाऊन आषाढाच्या तोंडावर परततात, त्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. ताप असताना, किंवा पूर्वी लसीने तीव्र त्रास झाला असल्यास, डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानावा.

आता एक सूचना करून भाषण पुरे करतो. आपले मंडळ पन्नास वर्षे गणेशोत्सव करते, हळदीकुंकू करते, दिवाळी अंकांचे वाचनालय चालविते. दरवर्षी चैत्रात, पाडव्याची पत्रके वाटावयास आपले कार्यकर्ते घरोघर जातात. त्याच फेरीत प्रत्येक ज्येष्ठापाशी कोणी पंधरा मिनिटे बसावे. मराठीत बोलावे. डॉक्टरांकडे जाताना मराठी-ओडिया दोन्ही जाणणारे कोणी सोबत द्यावे. ज्यांच्या घरी वाहन नाही त्यांना वाहन, आणि ज्यांना खर्च जड वाटतो त्यांच्यासाठी, नाव न उच्चारता, मंडळाच्या निधीतून थोडे साहाय्य. एवढे करूनही कोणी ‘नको’ म्हणाले, तर ते ‘नको’ शिरसावंद्य. ते समजून दिलेले उत्तर असेल. माझ्या अण्णांचे होते तसे, बूट काढता काढता विचारलेल्या प्रश्नाचे नसेल.

आणि येथे बसलेल्या माझ्या वयाच्या मित्रांना एवढेच सांगतो. आई-वडिलांना ‘घ्यायची का?’ असे विचारू नका. त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, “घ्या. तुम्ही आम्हाला हवे आहात.” मीही दोन-तीन वर्षांत साठीला टेकेन. माझा मुलगा बंगळुरास असतो. त्याने मला नुसते विचारले, तर मीही बहुधा ‘नको’च म्हणेन. रक्त अखेर अण्णांचेच आहे.